बदलीवरचा माणूस

महाधमनीची झडप गळकी असेल तर रक्त नेमकं कधी मागे येतं, हे आमच्या कामात सुरुवातीलाच शिकवतात. हृदय आवळलं की रक्त पुढे जातं आणि झडप मिटते. ती नीट मिटली नाही, तर हृदय सैल पडून विसावा घेत असताना थोडं रक्त मागे झिरपतं. म्हणजे गळती व्हायची ती विश्रांतीत. माणूस धावायला लागला की ठोके वाढतात, दोन ठोक्यांमधला विसावा आखडतो आणि गळतीला वेळच कमी मिळतो. त्यामुळे अशी झडप घेऊन एखादा तरुण वर्षानुवर्षं मैदान गाजवू शकतो, त्याला दमही लागत नाही. डाव्या कप्प्यावर मात्र दर ठोक्याला जादा रक्ताचा बोजा पडत असतो. तो गुपचूप ताणला जातो.

न्वान्क्वो कानूचं तसंच झालं. जन्म १ ऑगस्ट १९७६चा, नायजेरियातल्या ओवेरीचा. १९९३मध्ये जपानला झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वस्पर्धेत नायजेरिया जिंकला, त्या संघात तो होता. तिथून थेट ॲम्स्टरडॅमचा आयाक्स क्लब, आणि १९९५मध्ये युरोपचं विजेतेपद. १९९६च्या ऑलिंपिकमध्ये तो कर्णधार होता. उपांत्य सामन्यात ब्राझील ३-१ने पुढे होतं. नायजेरियाने अंतर कमी केलं, शेवटच्या मिनिटाला कानूने बरोबरी साधली आणि जादा वेळात गोल्डन गोलही त्यानेच मारला. अंतिम सामन्यात अर्जेंटिना हरलं आणि फुटबॉलचं सुवर्णपदक पहिल्यांदाच आफ्रिकेत गेलं. त्याच उन्हाळ्यात इंटर मिलानने त्याला घेतलं, वैद्यकीय तपासणी केली आणि झडपेतला दोष सापडला.

दोष इटलीत सापडला, ही गोष्ट मला नेहमी महत्त्वाची वाटत आली आहे. इटलीत १९८२पासून स्पर्धात्मक खेळ खेळणाऱ्याची हृदयतपासणी सक्तीची आहे. ईसीजीचा कागद हातात नसेल तर गल्लीतल्या क्लबालाही खेळाडू उतरवता येत नाही. कानू आधीची तीन वर्षं हॉलंडमध्ये वरच्या दर्जाचं फुटबॉल खेळत होता. तेव्हा तो पळत होता, गोल करत होता, आणि झडप गळत होती. वीस वर्षांच्या मुलाला सांगण्यात आलं की आता खेळणं बंद. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडला त्याच्या महाधमनीच्या झडपेवर शस्त्रक्रिया झाली.

मी इको काढते, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. मुंबईतल्या महापालिकेच्या रुग्णालयात शिकले आणि २००३पासून इंग्लंडमध्ये तेच करते आहे. कानूचं हृदय मी कधी पाहिलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण लोकांना पुढचं वाचताना तसं वाटायचं. मी पाहिला तो त्याचा खेळ, तिकीट काढून किंवा टीव्हीवर. पण माझ्या अंधाऱ्या खोलीत जितक्या वेळा त्याचं नाव निघालं, तितकं दुसऱ्या कोणत्याही खेळाडूचं निघालं नाही. रुग्णांच्या तोंडून नव्हे, त्यांच्या आयांच्या तोंडून.

इंग्लंडमध्ये इटलीसारखा कायदा नाही. पण इथल्या फुटबॉल संघटनेने नव्वदच्या दशकातच क्लबांच्या अकादमीतल्या मुलांची, साधारण सोळाव्या वर्षी, हृदयतपासणी सुरू केली. त्याशिवाय धर्मादाय संस्थांची शनिवार-रविवारची शिबिरं असतात. शाळेच्या व्यायामशाळेत पडदे लावायचे, पलंग मांडायचे, ईसीजी एका बाजूला आणि इको दुसऱ्या. मी अशा शिबिरांना जाते. दक्षिण लंडनमध्ये, विशेषतः पेकमच्या बाजूला, निम्मी मुलं नायजेरियन घरांतली. उंच, हाडकुळी, कानात इयरफोन. शर्ट काढायला लाजतात आणि थंडगार जेल लागलं की दचकून हसतात. आई कोपऱ्यातल्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसलेली असते. मी प्रोब जरा जास्त वेळ एका जागी धरला की तिच्याकडून प्रश्न येतो, ‘कानूला होतं तसं काही आहे का?’

याचं उत्तर द्यायची मला परवानगी नाही. स्क्रीनवर सगळ्यांत आधी दिसतं ते मला, आणि बोलायचं असतं डॉक्टरांनी. मी मोजमापं घ्यायची, चित्रं साठवायची आणि चेहरा सपाट ठेवायचा. मुंबईत हे सोपं होतं. तिथे दारात इतकी रांग असायची की चेहऱ्यावर थकव्याशिवाय काही उमटतच नसे. इथे एका मुलाला वीस मिनिटं मिळतात, आणि वीस मिनिटं एखाद्या आईची नजर झेलत बसणं हे या नोकरीतलं सगळ्यांत अवघड काम आहे. त्या प्रश्नात भीती असते, पण नीट ऐकलं तर आशाही असते. कानूसारखं असेल तर कानूसारखं बरंही होईल, असा तो हिशेब. दुसऱ्या कुणाचं नाव घेण्यात तो दिलासा नसतो. नायजेरियाचा सॅम्युएल ओक्वाराजी १२ ऑगस्ट १९८९ला लागोसच्या राष्ट्रीय मैदानावर अंगोलाविरुद्ध खेळताना कोसळला आणि गेला. त्याचं नाव माझ्या खोलीत अजून कुणी काढलेलं नाही. पण ज्यांचं वय पन्नाशीच्या पुढे आहे, त्यांना ते माहीत असतं.

त्यातून आणखी एक भानगड. ईसीजीत नॉर्मल काय, हे ठरवणारे जुने निकष प्रामुख्याने गोऱ्या खेळाडूंवरून बेतलेले होते. पश्चिम आफ्रिकी वंशाच्या धडधाकट खेळाडूच्या कागदावर काही लहरी उलट्या दिसतात आणि हृदयाच्या भिंतीची जाडी बारा मिलिमीटरच्या पुढे गेलेली अधिक वेळा सापडते. स्नायूच्या एका घातक आजारातही हेच दिसतं. त्यामुळे ठणठणीत मुलांवर संशयाचे शिक्के बसत. २०१३मध्ये आलेल्या ‘सिॲटल निकषां’नी हा फरक अधिकृतपणे मान्य केला. त्याआधीच्या काळात किती मुलांचे बूट उगाच खुंटीला लागले असतील, याचा विचार मी करायचं टाळते. उलट बाजूही आहे. हृदयरोगतज्ज्ञ संजय शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या अकादमींतल्या मुलांच्या वीस वर्षांच्या तपासण्यांचा अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध केला. ११,१६८ मुलं तपासलेली, ४२ जणांमध्ये जिवावर बेतू शकेल असा दोष सापडला. नंतरच्या काळात हृदयविकाराने ८ जण अचानक गेले, आणि त्यातल्या सहा जणांची तपासणी निर्दोष ठरलेली होती. हा आकडा आमच्या खात्यात कुणी भिंतीवर लावत नाही, पण तो सगळ्यांना पाठ आहे.

आता कानूकडे येते. शस्त्रक्रियेनंतर तो इंटरकडे परतला, पण तिथे खेळायला मिळालं फारच थोडं. १९९९च्या सुरुवातीला प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांनी त्याला लंडनच्या आर्सेनलमध्ये आणलं. इंग्लंडमधला पहिलाच सामना वादाचा ठरला. १३ फेब्रुवारी, एफए कप, समोर शेफील्ड युनायटेड. त्यांचा एक खेळाडू जखमी म्हणून त्यांच्या गोलरक्षकाने चेंडू मुद्दाम बाहेर मारला. खेळ सुरू झाल्यावर आर्सेनलच्या रे पार्लरने रिवाजाप्रमाणे तो परत त्यांच्याकडे फेकला. बदली म्हणून आलेल्या कानूला त्यातलं काही कळलं नाही. तो चेंडूमागे धावला, त्याने क्रॉस दिला आणि ओव्हरमार्सने गोल केला. शेफील्डवाले मैदान सोडून जायच्या बेतात होते. वेंगर यांनी सामना पुन्हा खेळायची तयारी दाखवली, संघटनेने मान्यता दिली आणि आर्सेनल पुन्हा २-१नेच जिंकलं. नव्या नोकरीच्या पहिल्या दिवशी असलं काही घडल्यावर माणूस महिनाभर खाली मान घालून वावरेल. हा गडी हसत होता.

त्याच वर्षी २३ ऑक्टोबरला चेल्सीच्या मैदानावर आर्सेनल ०-२ मागे होतं. पाऊस धो धो कोसळत होता. पंचाहत्तराव्या मिनिटापासून पुढच्या पंधरा मिनिटांत कानूने तीन गोल केले. तिसरा मी तेव्हापासून किती वेळा पाहिला असेल कोण जाणे. चेल्सीच्या बचावपटूने डाव्या कोपऱ्याजवळून मारलेला चेंडू त्याने अंगावर अडवला. गोलरक्षक डि गोई जागा सोडून पुढे धावत आला, त्याला कानूने गोलरेषेच्या कडेने गुंगारा दिला. आता गोल रिकामा, पण कोन जवळजवळ उरलेला नाही, आणि रेषेवर लबफ आणि देसाई हे विश्वविजेत्या फ्रान्सचे दोन आडदांड गडी. कुणीही तिथून चेंडू मागे दिला असता. कानू थांबला. अर्धा क्षण असेल. त्यांना आधी हलू दिलं आणि त्यांच्या डोक्यांवरून चेंडू आत वळवला.

त्याच्या खेळाचं सगळं मर्म त्या थांबण्यात होतं. साडेसहा फुटांच्या आसपास उंची, पाय लांबच लांब, धावण्यात घाई नाही. समोरचा आधी हलायचा आणि फसायचा. समालोचक याला आळस म्हणत, काही जण लहर म्हणत. मला ती काटकसर वाटते. डॉक्टरांनी त्याला जपून खेळायला सांगितलं होतं, असं मी मुळीच म्हणत नाही. ऑलिंपिकच्या वेळच्या चित्रफिती पाहिल्या तर तो तेव्हाही असाच खेळायचा. पण ज्याला एकदा ‘संपलं’ असं सांगितलं गेलं, त्याने नंतर स्वतःला खर्च कसं केलं, हे मी धंद्याच्या नजरेने पाहत राहिले.

आणि तो कितीतरी वेळा बदलीवर होता. आर्सेनलसाठी तो दोनशेच्या जवळपास सामने खेळला, ४४ गोल केले. यातल्या निम्म्याच्या आसपास सामन्यांत तो बाकावरून उठून आला. पुढे आंरी, बर्गकँप, विल्टोर. जागा कुठून मिळणार? प्रीमियर लीगच्या अख्ख्या कारकिर्दीत शंभराहून जास्त वेळा तो बदली खेळाडू म्हणून उतरला. क्रिकेटवेड्या आपल्या लोकांना बारावा खेळाडू म्हणजे पाणी नेणारा वाटतो. माझे वडील लालबागच्या एका मिलमध्ये कित्येक वर्षं बदली कामगार होते. सकाळी पाळीच्या आधी फाटकाशी उभं राहायचं, ज्याचा खाडा असेल त्याचा साचा मिळायचा, नसेल तर घरी परत. कोणता साचा मिळेल, तो कुठे अडतो, आधीच्या माणसाने धागा कसा सोडला आहे, काही माहीत नसायचं, आणि मुकादमाला पहिल्या तासातच काम दिसायला हवं असायचं. वडील म्हणत, कायम माणसाला सकाळी आळस द्यायची मुभा असते, बदलीवाल्याला नसते. साठाव्या मिनिटाला, हातपाय गार, समोरचे घामाघूम आणि लय सापडलेले, अशा वेळी कानू आत यायचा आणि दुसऱ्या-तिसऱ्या स्पर्शालाच चेंडू त्याचं ऐकायला लागायचा. मला त्यात वडिलांची नोकरी दिसायची. फुटबॉलची गोडी मला लागली ती अशी. नाहीतर लालबागची पोर कबड्डी सोडून इकडे कशाला वळतेय!

२००३-०४मध्ये आर्सेनल अख्ख्या लीगमध्ये एकही सामना हरलं नाही. मी त्या वर्षी हॉलोवेला, आर्सेनलच्या हायबरी मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर, भाड्याच्या खोलीत राहत होते. तिकीट परवडत नसे, घराच्या भिंतींतून आरडाओरडा मात्र फुकट ऐकू यायचा. त्या मोसमात कानूच्या वाट्याला लीगचे सामने आले दहा, गोल एक. पदक मिळालं, पण उन्हाळ्यात तो वेस्ट ब्रॉमविच ॲल्बियनला गेला. तळाच्या संघात.

तिथला त्याचा सगळ्यात प्रसिद्ध क्षण म्हणजे हुकलेला गोल. १४ नोव्हेंबर २००४, मिडल्सब्रोविरुद्ध. संघ एका गोलने मागे, जादा मिनिटं चालू, गोलरेषा हाताच्या अंतरावर आणि चेंडू बारच्या वरून. इंटरनेटवर त्याचं नाव टाका, हे दृश्य चेल्सीच्या गोलाइतक्याच तत्परतेने समोर येतं. त्या मोसमाचं पुढचं मात्र फार कुणाला आठवत नाही. नाताळला तळाशी असलेला तो संघ शेवटच्या दिवशी वाचला. नाताळला शेवटच्या क्रमांकावर असूनही लीगमध्ये टिकून राहिलेला प्रीमियर लीगमधला तो पहिला संघ. पुढच्या वर्षी त्यांनी आर्सेनललाही हरवलं, बरोबरीचा गोल कानूचा. त्यानंतर मात्र संघ खाली गेलाच.

२००६मध्ये तो पोर्ट्समथला आला. योगायोगाने त्या सुमारास मीही नोकरी बदलून हॅम्पशरला गेले. पोर्ट्समथ म्हणजे बेटावर वसलेलं नौदलाचं गाव. आणि फ्रॅटन पार्क हे जुनाट, घरांच्या रांगांमध्ये दडलेलं, कसंबसं वीस हजार लोक मावणारं मैदान. तिथे एक पठ्ठ्या घंटा घेऊन येतो आणि सामनाभर वाजवत राहतो. देवळातली आरती चुकल्याची खंत मला तिथे कधी वाटली नाही. कानूच्या पहिल्या सामन्यात, ब्लॅकबर्नविरुद्ध, तो पुन्हा बदली म्हणूनच उतरला. दोन गोल केले, आणि हॅटट्रिकची संधी देणारी पेनल्टी दवडली. तीस वर्षांचा झाला होता. लोक त्याच्या वयावरून विनोद करत आणि त्याच दमात त्याचं गाणं म्हणत.

१७ मे २००८. वेम्बली, एफए कपचा अंतिम सामना, समोर कार्डिफ सिटी, मैदानात सुमारे नव्वद हजार लोक. सदतिसाव्या मिनिटाला उजवीकडून जॉन उटाकाचा क्रॉस आला, कार्डिफच्या गोलरक्षकाच्या हातून निसटला, आणि कानूने तो आत ढकलला. एवढंच. उपांत्य सामन्यातही एकमेव गोल त्याचाच होता, तोही जुन्या मालकाविरुद्ध, वेस्ट ब्रॉमविरुद्ध. पोर्ट्समथने याआधी हा कप जिंकला होता तो १९३९मध्ये. मध्ये महायुद्ध पडलं म्हणून कप सात वर्षं त्यांच्याकडेच राहिला, हे गावातला कुठलाही म्हातारा तुम्हाला न विचारता सांगतो. माझ्या खात्यात सोमवारी आलेल्या अर्ध्या रुग्णांचा रक्तदाब वाढलेला होता आणि कुणालाही त्याची फिकीर नव्हती.

वर्षभर भरभराट झाली. नोव्हेंबरमध्ये फ्रॅटन पार्कवर एसी मिलान आलं. पोर्ट्समथ २-० पुढे, दुसरा गोल कानूचा. मग रोनाल्डिन्यो आणि इंझागीने बरोबरी केली. मग पैसे संपले. खर्च आधीच उत्पन्नाच्या फार पुढे गेला होता. फेब्रुवारी २०१०मध्ये क्लब प्रशासकांच्या ताब्यात गेला, नऊ गुण कापले गेले आणि संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला. चांगले खेळाडू भराभर विकले गेले. कानू राहिला. चौतिसाव्या वर्षी तो दुसऱ्या श्रेणीत, थंडीतल्या मंगळवारच्या सामन्यांत, बाकावर ब्लँकेट पांघरून बसलेला दिसायचा. युरोपचा विजेता, ऑलिंपिकचा कर्णधार, दोनदा आफ्रिकेचा सर्वोत्तम खेळाडू. २०१२च्या उन्हाळ्यात तिथूनच तो बाहेर पडला.

त्याच २०१२च्या १७ मार्चला टॉटनमच्या मैदानावर बोल्टनचा फॅब्रिस मुआंबा कोसळला. हृदय बंद पडलं. प्रेक्षकांतला एक हृदयरोगतज्ज्ञ कठडा ओलांडून धावला, झटके देत त्याला रुग्णालयात नेलं आणि तो पोरगा वाचला. खेळ मात्र कायमचा सुटला. सोमवारी आमचे फोन थांबेनात. शिबिरांच्या याद्या भरून वाहू लागल्या. दोन आठवड्यांतच माझ्या लक्षात आलं की आयांचा प्रश्न बदललाय. आता त्या ‘मुआंबासारखं तर नाही ना?’ असं विचारायच्या. वडील किंवा काका बरोबर असले तर तेच मधे बोलायचे, ‘आणि असलंच तर कानू नाही का खेळला?’

शस्त्रक्रियेनंतरची कानूची पंधरा-सोळा वर्षं लोकांना चमत्कार वाटतात. मला या शब्दाचा राग आहे. चमत्कार म्हटलं की तपासणी करणारे, शल्यविशारद, वर्षानुवर्षं फेरतपासणीला बोलावणारे, आणि प्रत्येक वेळी निमूट पलंगावर आडवा होणारा तो स्वतः, सगळेच गायब होतात. झडपेवरचं काम एकदा करून भागत नाही. २०१४मध्ये, खेळणं थांबवल्यावर, त्याला पुन्हा अमेरिकेत शस्त्रक्रियेला सामोरं जावं लागलं. तोवर त्याने २०००मध्ये सुरू केलेल्या कानू हार्ट फाउंडेशनने किती तरी मुलांना शस्त्रक्रियेसाठी परदेशी पाठवलं होतं. त्यात भारतातली रुग्णालयंही आहेत. नायजेरियात लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेची सोय तुटपुंजी आहे, त्यामुळे विमानाचं तिकीट हाच औषधोपचारातला पहिला खर्च ठरतो. मुंबईत असताना आमच्याकडे विदर्भातून, कोकणातून रात्रभर प्रवास करून आलेली निळसर ओठांची मुलं यायची. त्यांचा प्रवास तुलनेने जवळचा म्हणायचा.

आमच्या खात्यात नायजेरियातल्या बेनिन सिटीचा एक मदतनीस आहे. मला ‘माय सिस्टर’ म्हणतो आणि माझं सगळं कानूपुराण त्याला मुळीच मान्य नाही. बेनिन सिटीचा म्हणजे तो तिथल्याच स्ट्रायकर याकुबूचा माणूस. प्रीमियर लीगमध्ये याकुबूचे गोल ९५, कानूचे ५४. नायजेरियन खेळाडूंत याकुबूच्या पुढे कुणी नाही, आणि स्ट्रायकरला गोल मोजूनच पगार देतात, असं त्याचं म्हणणं. मी म्हणते, याकुबू बहुतेक वेळा पहिल्या मिनिटापासून खेळला. तो म्हणतो, मग कानूला कुणी नको म्हटलं होतं? मी २०१०च्या विश्वचषकात कोरियाविरुद्ध याकुबूने रिकाम्या गोलसमोर चुकवलेला चेंडू काढते. तो लगेच मिडल्सब्रोचा सामना काढतो. मी वेम्बलीचा गोल काढते. तो म्हणतो, त्यात अर्धा वाटा गोलरक्षकाचा आणि उरलेला उटाकाचा. परवा ही फेरी अशीच रंगात आली असताना पडद्याआडून पुढचा मुलगा आत आला. सोळा वर्षांचा, एका अकादमीचा मध्य-आघाडीवाला, शर्ट हातात. थोडा वेळ आमच्या दोघांचं ऐकत उभा राहिला आणि म्हणाला, ‘सॉरी, पण हा उटाका कोण?’